राजूरची वाट

चित्रांच्या पुस्तकाची पाने सुटी करायची, वाटेच्या कडेने एकेक पान खुंटाला लावायचे, आणि आईबापांनी मुलांसह चालत चालत ती गोष्ट वाचायची, अशी युक्ती २००७ साली अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात ॲन फर्ग्युसन या बाईंनी काढली. हे वाचले आणि मला आमची राजूरची वाट आठवली.

भोकरदन तालुक्यातला राजूरचा गणपती जालन्यापासून सुमारे २५ किलोमीटर. संकष्टी मंगळवारी आली, म्हणजेच अंगारकी असली, की आदल्या रात्रीपासून तो रस्ता माणसांनी फुलून जातो. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कॉलेजातली पोरे, सगळी पायी. जागोजाग मांडव, चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी. आग्रह असा, की आज उपवास आहे हे विसरायला व्हावे!

अशाच एका अंगारकीला अण्णा, मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा निघालो. चिरंजीव इंग्रजी शाळेतले. मराठी वाचन म्हणजे कारल्याची भाजी. अण्णांनी निघतानाच फर्मान काढले, "वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची. नाही तर पुढच्या मांडवात केळे नाही."

झाले! "खते व बि... बि..." येथे गाडी अडली. मागून येणाऱ्या बायांनी एका सुरात सांगितले, "बियाणे रे राजा!" मग त्याही त्याच्याबरोबर पाट्या वाचू लागल्या. त्यांतल्या एकीला म्हणे अक्षरे आत्ता कुठे लागू लागली होती.

पहाटेच्या सुमारास एका मांडवाच्या उजेडात किलोमीटरचा दगड आला. "राजूर सहा!" चिरंजीव ओरडले.

"शाबास," अण्णा म्हणाले.

दगडावर ७ होता. जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या चुका काढलेला हा माणूस! मी त्यांच्याकडे पाहिले. ते दगडाकडेच पाहत होते, पण नजर जरा बाजूला लागली होती. 'वर्तमानपत्रात हल्ली असते काय?' असे ते वर्षभर का म्हणत होते, ते मला तेव्हा उमगले. मला लाज वाटली.

पोराच्याही ध्यानात आले असावे. त्याने दगडाजवळ जाऊन आकड्यावरून बोट फिरवले आणि हळूच म्हटले, "आजोबा, सात आहे." मग अण्णांचा हात धरून तो पुढची पाटी वाचू लागला, या खेपेला बराच मोठ्याने.

पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, नवा चष्मा आला. पण सकाळी वर्तमानपत्र दारात पडले, की नेमका त्याच वेळी अण्णांचा चष्मा सापडत नाही.