वही नव्याने मांडताना

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात वह्या पुष्कळ आहेत. वाण्याच्या उधारीची एक, बचत गटाची एक, बाबांच्या जादा तासांची एक. या सगळ्या वह्यांत आकडेच आकडे. माझ्या आधी घरातले कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यामुळे 'स्वतःच्या मनाने लिहायची वही' ही वस्तू आमच्याकडे नवीनच म्हणायची. दहावीनंतरच्या सुट्टीत मी शंभर पानी वही घेतली, तेव्हा बाबांनी सहज विचारले, "ही कशाच्या हिशेबाची?" मला उत्तर देता आले नाही, पण प्रश्न मात्र आवडला.

ती वही यंदाच्या दिवाळीत भरली. तिच्यात सुविचार आहेत, आवडलेले उतारे आहेत, मैत्रिणींच्या कविता आहेत, चार-दोन माझ्याही आहेत. तिने आपले काम चोख केले. अक्षर वळवले, शब्दांची भीती घालवली, आणि बोईसर ते पालघर या गाडीच्या प्रवासात कितीतरी मैत्रिणी जोडून दिल्या. मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. तेवढ्या वेळात वही चार हातांतून फिरून परत येई. आता नवी दोनशे पानी वही समोर आहे आणि प्रश्न असा आहे की, ती कशी मांडावी?

वाचकहो, वहीच्या मांडणीचा एवढा विचार कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण घर बांधताना चूल कुठे आणि माजघर कुठे हे आधी ठरवतात, तसेच हे आहे. कप्पे ठरले की, त्यांत काय भरायचे याकडे डोळे आपोआप लागतात. सुविचारांचा कप्पा असला की माणूस सुविचार शोधत हिंडतो. माणसांचा कप्पा केला तर तो माणसे शोधील, असा माझा साधा हिशेब आहे.

आणि आमच्या भागात शोधण्यासारखी माणसे काय थोडी आहेत? तारापूर म्हटले की, बाहेरच्यांना आठवते ते 1969 मध्ये सुरू झालेले देशातले पहिले अणुवीज केंद्र. बोईसर म्हटले की कारखान्यांची धुराडी, आणि पालघर म्हटले की 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा निघालेला जिल्हा. हे सारे खरेच आहे. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, हेही वर्तमानपत्रांतून आले. 2023 मध्ये पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला, तेव्हा सातपाटीचे नाव सगळीकडे झळकले. पण पहाटे बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईच्या डोक्यात काय हिशेब चाललेला असतो, हे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. ती बाई माझी आई असल्यामुळे मला त्याची जास्त ओढ असेल.

गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे 1970 सालचे पुस्तक मी वाचनालयातून आणले होते. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्याच डहाणू-तलासरी भागातल्या वारल्यांनी 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध दिलेला लढा त्यात आहे. गोदावरीबाई पुण्याकडच्या, कायदा शिकलेल्या. त्या इथे आल्या, पाड्यापाड्यांतून हिंडल्या, म्हणून ती कहाणी कागदावर उतरली. तिकडे खानदेशात बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणूनच 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर, महाराष्ट्राला ती वाचायला मिळाली. दोन्ही ठिकाणी सांगणारे एक आणि लिहिणारे दुसरे. माझ्या मनात येते, आमच्या घरात लिहिणारे माणूस आता पहिल्यांदाच तयार झाले आहे. त्याने नुसते दुसऱ्यांचे उतारेच काढत बसावे का?

म्हणून नव्या वहीचे मी चार भाग केले आहेत, प्रत्येकी पन्नास पानांचे. पहिला भाग माणसांचा, दुसरा कामांचा, तिसरा शब्दांचा, आणि चौथा माझ्या स्वतःच्या मनातल्या गोष्टींचा. तो मुद्दामच शेवटी ठेवला आहे. मन कुठे पळून जात नाही, माणसे मात्र जातात.

शब्दांचा भाग आजीमुळे सुचला. आजी डांडीला असते. तिने शाळा पाहिलेली नाही. अकरावीला भूगोलाच्या पुस्तकात अमावस्या-पौर्णिमेची उधाणाची भरती आणि अष्टमीची भांगाची भरती वाचताना मला हसू आले, कारण 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द मी पाळण्यातच ऐकले होते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे पुस्तकात सांगितलेले आजी तिथीवरून बोटांवर मोजते. बोंबील सुकवताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर टाकतात. हा 'वलांडी' शब्द माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नाही. आजीला आता कमी ऐकू येते आणि ती बोलतेही कमी. तिचे बोलणे मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते आणि रविवारी वहीत उतरवते. ही घाई कशासाठी, ते घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना कळते.

आता संकल्पाविषयी. 'खूप लिहीन' हा संकल्प नव्हे, ती नुसती इच्छा झाली. मी आकडा ठरवला आहे. रोज दहा ओळी, आठवड्याचे सहा दिवस. सातवा दिवस आजीचा. माझ्या वहीच्या पानावर चोवीस ओळी बसतात. म्हणजे आठवड्याला अडीच पाने आणि पन्नास आठवड्यांत सव्वाशे. उरलेली पंचाहत्तर पाने रविवारच्या उतरवणीला. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असे वर्षभरात साचावे. महिन्याला एक माणूस पूर्ण करायचे; त्याचे वय, गाव, काम, त्याचे बोलणे आणि त्याने सांगितलेली एक तरी गोष्ट. वर्षाला बारा माणसे झाली. दहा ओळींना पंधरा मिनिटे लागतात, आणि बाबांची रातपाळी असली की, संध्याकाळी ते निघाल्यावर खोलीत तेवढी जागा आणि शांतता मिळते.

बाबांना वाटते, हा वेळ स्पर्धा परीक्षेला द्यावा. त्यांचे म्हणणे मी धुडकावत नाही. भाड्याच्या खोलीत राहून, पाळ्या करून ज्याने मुलीला शिकवले, त्याला तिच्या नोकरीची काळजी वाटणारच. परीक्षेचा अभ्यास मी सोडलेला नाही. फक्त पंधरा मिनिटे मागून घेतली आहेत.

आणखी एक नियम केला आहे. लिहिलेले पान ज्याच्याविषयी आहे, त्याला वाचून दाखवायचे. आईला वाचता येत नाही, म्हणून पहिली परीक्षा तिच्यापासून. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा ती सुक्या मासळीवर घर कसे चालवते, ते मी लिहिले होते. ती जवळा निवडत ऐकत होती. पान संपले तरी काही बोलेना. मग म्हणाली, "पुढचं मी सांगतं, लिही." आणि माझ्या जन्माच्या आधीच्या एका पावसाळ्याची गोष्ट तिने सांगितली. एकोणीस वर्षांत ती मला कोणी सांगितली नव्हती. त्या रात्री दहा ओळींच्या दोन पानभर ओळी झाल्या.

ती गोष्ट मी इथे देत नाही. ती आईची आहे. तिने होय म्हटले तर पुढच्या अंकात देईन. तोवर मित्रमैत्रिणींनो, एवढेच सुचवते की, तुमच्याही घरात उधारीची किंवा हप्त्यांची वही असेल, तर तिच्या शेजारी आणखी एक ठेवून पाहा. आणि बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता मला सापडले आहे. ही वहीसुद्धा येणे-देण्याचीच आहे. फक्त हिच्यात मी तुम्हा सर्वांचे देणे लागते.