खेळाडू मुलांचे घर

खेळ ही मुलांची चैन नसून गरज आहे, हे आता बहुतेक आईबापांस पटले आहे. परंतु मूल संघात निवडले गेले की त्याच्याबरोबर सारे घर मैदानात ओढले जाते, ह्याचा विचार आगाऊ फारसा कोणी करीत नाही. आमच्या खानापूर भागात भातलावणीची घाई ओसरते न ओसरते तोच शाळांच्या क्रीडास्पर्धांचे दिवस येतात. आधी तालुका, मग जिल्हा, पुढे विभाग आणि राज्य, अशी ती चढण असते. सामना बेळगावास असला म्हणजे पहाटेची बस गाठावयाची. आणि नेमका त्याच वेळी एक बूट सापडत नाही, ओळखपत्र कोठे ठेवले ते आठवत नाही, आणि डबा, चहा व गुरांचे दूध ह्यांत आई एकटीच धावत असते. घरभेटीस गेलो की ही कथा मला वारंवार ऐकावयास मिळते.

सेमिनरीत असताना आम्हांस रोज सायंकाळी खेळावेच लागे. पहिली घंटा झाली की मैदान, दुसरी झाली की स्नान, तिसरीला अभ्यास. बूट पुसून ठरलेल्या जागी ठेवल्यावाचून कोणी आत येत नसे. त्या वयात हा नियम जाचक वाटे. पुढे ध्यानात आले, की वस्तूची जागा ठरली म्हणजे माणसाची अर्धी चिडचिड नाहीशी होते. हाच नियम घरास लावता येईल. खेळाची एक पिशवी वेगळी ठेवून तिला भिंतीवर एक खुंटी द्यावी. गणवेश, मोजे, पंचा, पाण्याची बाटली व कोरडे कपडे मुलाने स्वतः आदल्या रात्री भरावेत. आईने फक्त एकवार नजर टाकावी. बारा वर्षांच्या मुलास एवढे सहज जमते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास पालक धावत येतात. तो मी आनंदाने देतो. परंतु १४ किंवा १७ वर्षांखालील गटासाठी वयाचा खरा आधार म्हणजे सरकारी जन्मदाखला. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. त्या दाखल्यावरील, शाळेतील व आधारकार्डावरील नाव एकसारखे आहे की नाही, हे निवांत दिवशीच पडताळून पाहावे. साऱ्यांच्या प्रती एका पाकिटात घालून ते पिशवीजवळच ठेवावे. मैदानावर खरचटणे नित्याचेच. म्हणून १० व्या व १६ व्या वर्षी सरकारी दवाखान्यात मिळणारी धनुर्वाताची लस दिली गेली आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडराची. शिक्षकांचा निरोप हल्ली बापाच्या मोबाईलवर येतो आणि पुष्कळदा तेथेच राहतो. तो त्याच दिवशी कॅलेंडरावर उतरला, तर आजीलाही कळते की गुरुवारी नातू उशिरा येणार. रविवारी सामना असेल, तर जेथे शनिवारी सायंकाळी मिस्सा होते तेथे तिला जाऊन रविवारचे कर्तव्य पार पाडता येते. हेही आधीच लिहिलेले बरे.

आता ह्या कॅलेंडराचीच एक हकीकत सांगतो. एका घरी तीन मुले. थोरला कबड्डी खेळतो, धाकटी धावण्याच्या शर्यतीत भाग घेते, मधलीला खेळाची आवड नाही. आईने प्रत्येकासाठी निराळ्या रंगाची पेन्सिल घेतली होती. महिना भरत आला, तेव्हा मधली म्हणाली, "आई, माझी पेन्सिल अजून टोकदारच आहे गं." आई काही बोलली नाही. बापाने मात्र ती पेन्सिल उचलली आणि पुढच्या बुधवारी लिहिले, 'मधलीबरोबर बाजार.' आणि त्या बुधवारी तो खरोखरच तिला घेऊन गेला. हे मला त्याच घरी चहा पिताना कळले.

वाचकहो, घरातील सारी व्यवस्था शेवटी कशासाठी? बस चुकू नये म्हणून ती हवीच. परंतु खेळणाऱ्या मुलाच्या धावपळीत न खेळणारे मूल मागे राहू नये, आणि त्या साऱ्याचा भार एकट्या आईच्या कमरेवर पडू नये, म्हणून ती अधिक हवी. डबा आईने केला, तर बसपर्यंत बापाने जावे. गणवेश ज्याचा त्याने धुवावा. येत्या रविवारी जेवण झाल्यावर कॅलेंडर खाली उतरवून सर्वांनी भोवती बसावे, आणि ज्याच्या नावापुढे काहीच लिहिलेले नाही, त्याच्यापासून आरंभ करावा.