कशासाठी जातेस?

मैत्रिणींनो, आपल्याकडच्या बायका चालत नाहीत असं कोण म्हणेल? आषाढी वारीत डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून पंढरपूर गाठणाऱ्या बायका पाहा. नर्मदेची परिक्रमा पायी करणाऱ्या पाहा. सुमारे २,६०० किलोमीटरांची ती वाट! आणि आपल्या विदर्भाचं म्हणाल, तर नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वारला जाणाऱ्यांत बायका काय कमी असतात? सातपुड्याचं दाट जंगल, वरून पाऊस, खाली निसरडे दगड. व्याघ्रप्रकल्पातली ही वाट वर्षातून जेमतेम दहा दिवस खुली होते, तरी नागपूरहून गाड्या भरभरून माणसं निघतात.

तेव्हा बाईच्या चालण्याला कुणाची ना नाही. ना आहे ती देवाचं नाव न घेता चालण्याला.

हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. मनालीजवळून निघून हामटा खिंड ओलांडायची, पलीकडे लाहौलमध्ये उतरायचं, असा पाच दिवसांचा पायी प्रवास. जाण्यायेण्यासह बारा दिवस. बरोबर भिशीतल्या दोघी. जेवताना मी विषय काढला, तर ह्यांनी घास तसाच ठेवला. “बारा दिवस? कशासाठी?”

खरं सांगते, मला उत्तरच सापडेना. “चारधामला जाते” म्हटलं असतं तर ह्यांनीच तिकिटं काढली असती. लग्नकार्य असतं, कुणाचं बाळंतपण असतं, तर प्रश्नच नव्हता. पण नुसतं डोंगरात चालायला? ह्या वयात? घराचं कसं होईल?

त्यावर बोलल्या कोण, तर सासूबाई. ऐंशी पार केलेल्या, गुडघ्यांनी हैराण. म्हणाल्या, “आम्ही नागद्वारला जात होतो तेव्हा काहून जाता म्हणून कोणी विचारलं नाही बाप्पा. नागोबा होताच, पण मला तर जंगलच पाहायचं असे. आठ दिवस चूल नाही, काही नाही. जाऊ दे तिला.”

पन्नास वर्षं ह्या बाईनं ती गोष्ट पोटात ठेवली होती!

आता वयाचं म्हणाल, तर ऐका. २०२२ साली मार्च ते जुलै असे साडेचार महिने पन्नाशी उलटलेल्या भारतीय बायकांची एक तुकडी अरुणाचलपासून कारगिलपर्यंत हिमालयातून चालत गेली. सुमारे ५,००० किलोमीटर! पुढारी होत्या बचेंद्री पाल. १९८४ साली एव्हरेस्टवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. ह्या मोहिमेच्या वेळी त्यांनी पासष्टी ओलांडली होती. आणि त्या तुकडीत आपल्या नागपूरच्या बिमला नेगी-देऊस्कर होत्या. नेपाळच्या बर्फाळ खिंडींपासून स्पीती-लडाखच्या थंड वाळवंटापर्यंत सगळी वाट त्या बायकांनी तुडवली.

त्याच्याही आधी, १९५५ साली, अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या आजीबाईंनी अॅपलाचियन डोंगरांतली सुमारे ३,३०० किलोमीटरांची वाट एकटीनं पार केली. वय ६७, पदरी अकरा मुलं. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. मुलांना सांगितलं काय, तर “जरा फिरायला जाते.” कशासाठी, ह्याची वाच्यताच केली नाही!

आपण काही एमा आजी नव्हे. म्हणून मी तयारी तीन महिने आधी सुरू केली. सकाळी फुटाळ्यापासून सेमिनरी हिल्सचा चढ, आणि संध्याकाळी आमच्या इमारतीचे चार मजले, पाठीवर पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन. शेजारच्या वहिनी विचारायच्या, “लिफ्ट बंद आहे का हो?”

घराची तयारीही तशीच केली. सासूबाईंच्या गोळ्यांसाठी सात वारांचे सात कप्पे असलेली डबी आणली. दूध, गॅस, कामवाल्या बाईचा पगार, सगळं एका वहीत. आणि ह्यांना आठवड्याला एक पदार्थ: आधी भात, मग फोडणीचं वरण, मग पिठलं. घर आपल्यावाचून अडतं म्हणजे निम्म्या वेळा आपल्या डोक्यातली माहिती दुसऱ्या कुणाजवळ नसते, एवढंच असतं.

सामानाचं एक सूत्र लक्षात ठेवा. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आतच असावं. आपल्यासारखीनं त्याहूनही कमी घ्यावं. आमचे तंबू आणि शिधा खेचरांवर होता, तरी कपडे, पाणी, रेनकोट मिळून सात किलो झालेच. सुती कपडे घामानं भिजले की लवकर वाळत नाहीत आणि वाऱ्यात अंग गार पडतं, म्हणून आत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकर, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ बरे. चढताना काढता येतात, थांबल्यावर घालता येतात. बूट नवेकोरे घालून जाऊ नये. महिनाभर घरच्या वाटेवर वापरून मऊ करावेत, नाही तर फोड आलेच म्हणून समजा.

आणि घाई नको. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेच मीटरवर. हामटा खिंड ४,२७० मीटरवर. हवा विरळ, श्वास लवकर लागतो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंचावर नसावा, असं डॉक्टर सांगतात. डोकं ठणकू लागलं, मळमळू लागलं, तर वर जायचं नाही. वाढलं तर सरळ खाली उतरायचं. तिथे भिडेखातर गप्प बसणं जिवावर बेतू शकतं. आपल्याला सवय आहे ना, दुखलं तरी न सांगण्याची? ती सवय घरीच ठेवून यावी.

गंमत म्हणजे वरणाची. चार हजार मीटरांच्या आसपास पाणी ८७ अंशांच्या सुमारासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. स्वयंपाकी पोरांनी खेचरावर चक्क प्रेशर कुकर चढवला होता! त्या डोंगरात शिट्टी ऐकली आणि आम्ही तिघी खळखळून हसलो.

चौथ्या दिवशी खिंडीवर पोचलो. मागे कुलूची बाजू: देवदार, गवत, झरे. पुढे लाहौलची: झाड नाही, हिरवं पान नाही, नुसते पिवळे-तपकिरी उघडे डोंगर. पावसाळी ढगांचं बहुतेक पाणी अलीकडेच पडून जातं, म्हणून पलीकडे वाळवंट. एका पावलाच्या दोन बाजूंना दोन देश वाटले. कुणी हाक मारत नव्हतं, कुणाला काही हवं नव्हतं. पंचवीस-तीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्याच श्वासाकडे लक्ष देत होते.

ह्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे: ह्यासाठी. ते एका शब्दात सांगता येत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

घरी आले तेव्हा ओट्यावर जळका कुकर होता आणि ह्यांच्या चेहऱ्यावर अभिमान. पिठलं चार वेळा केलं होतं म्हणे. सासूबाईंना रात्री बसून फोटो दाखवले. एकेका फोटोवर त्या बराच वेळ थांबत होत्या. “इथं देऊळ नाही?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. “बरं आहे,” म्हणाल्या, “रांग नाही.”

आमच्या भिशीतल्या आता सहा जणी रविवारी सकाळी फुटाळ्यावर येतात. हिवाळ्यात पचमढीला, धूपगडावर पायी चढून जायचा बेत आहे. कुणा कुणाला अजून घरी विचारायचं आहे. विचारा, पण त्याआधी तांदळाची पिशवी पाठीवर घ्यायला लागा.