रात्री अडीचची पार्टी

नेवार्क ते मुंबई, सलग 15 तास, मांडीवर 9 महिन्यांची लेक. विमान उतरताना कान दुखू नयेत म्हणून तिला पाजत राहिले, ती ट्रिक चालली. जेट लॅगपुढे मात्र सगळं फेल! पुण्यात रात्रीचे अडीच म्हणजे तिच्या घड्याळात संध्याकाळचे पाच. बाईसाहेब फुल चार्ज्ड! चौथ्या रात्री मी अक्षरशः रडकुंडीला आले, तेवढ्यात बाबा दारात. आई गेल्यापासून त्यांनाही झोप लागत नाही, हे फोनवर कधी कळलंच नव्हतं. 'आण इकडे,' म्हणाले. पहाटेपर्यंत दोघांच्या गप्पा चालल्या होत्या.

दिवसाचं ऊन दाखवलं की बाळाचं घड्याळ लवकर जुळतं, हे ठाऊक होतं. तरी पाचव्या दिवशी मी पडदे उघडलेच नाहीत.