खोक्यांचा रायगड

दिवाळीच्या सुट्टीत गावोगावची मुले मातीचा किल्ला करतात. आमच्या आळीतही करतात. पण ह्या वेळी मी मातीचा किल्ला केला नाही. मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून खोक्यांचा किल्ला केला. त्याची हकिकत मी सांगणार आहे.

माझा भाऊ अडीच वर्षांचा आहे. त्याला सगळे बाळ्या म्हणतात. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे भातकापणी असते. आईबाबा सकाळीच शेतावर जातात आणि दिवस मावळल्यावर येतात. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून बाळ्याला मीच सांभाळते. मी त्याला आळीतल्या किल्ल्याकडे घेऊन गेले, तर तो सरळ बालेकिल्ल्यावर जाऊन बसला! मुले ओरडली, "ए, ह्याला घेऊन जा बघू आधी!" त्यांचेही बरोबरच होते. माती ओली होती. पण बाळ्याला एकट्याला कुठे ठेवणार? मग मी ठरवले, बाळ्याला चालेल असाच किल्ला करायचा.

आमच्याकडे रिकामी खोकी पाणी तापवायच्या चुलीत जातात. मी आजीला म्हटले, "आजी, आता खोकी जाळायची नाहीत." चहाचे खोके, साबणाची, टूथपेस्टची आणि अगरबत्तीची खोकी जमा झाली. दुकानदारकाकांनी पुठ्ठ्याची दोन मोठी खोकी दिली. आजीने गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली. बाळ्या हाताला लागेल ते तोंडात घालतो, म्हणून दुकानातला गोंद आणला नाही. टाचण्या, मणी असलेही काही घेतले नाही. कातर मी उंच फळीवर ठेवत होते.

कोणता किल्ला करायचा? चौथीच्या इतिहासात आम्हाला शिवाजी महाराज आहेत. महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. म्हणून रायगडच करायचा ठरला.

मोठे खोके पालथे घातले, तो झाला डोंगर. लांबट खोक्यांची तटबंदी केली. पुठ्ठा गोल गुंडाळून बुरूज केले. वर साबणाच्या खोक्यांची घरे मांडली. मी मांडायची आणि बाळ्याने धाडकन पाडायची. पाडली की टाळ्या! असे सात-आठ वेळा झाले. मग मी एक युक्ती केली. डोंगर, तट आणि बुरूज खळीने पक्के चिकटवले. वरची घरे मात्र सुटी ठेवली. ती बाळ्याची. त्याने कितीही पाडावीत आणि पुन्हा मांडावीत. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच एकावर एक तीन घरे मांडायला लागला.

दरवाजाची गंमत तर वेगळीच. बाईंनी वर्गात सांगितले होते की, रायगडाचा महादरवाजा दोन मोठ्या बुरुजांच्या मध्ये आहे आणि तो लांबून दिसत नाही. वाट वळून दाराशी येते. त्यामुळे शत्रूच्या हत्तीला लांबून पळत येऊन दाराला धडक देता येत नाही, आणि तोफही समोरून नीट डागता येत नाही. मी तसाच वळणाचा दरवाजा केला. चहाच्या खोक्याचा हत्ती केला. बाळ्याने "हत्ती आला, हत्ती आला" करत जोरात ढकलला, आणि हत्ती वळणावर अडकला! बाईंनी सांगितलेले मला तेव्हा खरे समजले.

पण संध्याकाळ झाली की बाळ्या रोज रडायचा. उंबऱ्यावर बसून "आई, आई" करायचा. खाऊ दिला तरी गप्प राहायचा नाही. तिसऱ्या दिवशी आजीने त्याला किल्ल्याजवळ मांडीवर घेतले आणि हिरकणीची गोष्ट सांगितली. हिरकणी गवळण होती. ती रायगडावर दूध विकायला गेली. संध्याकाळ झाली, गडाचे दरवाजे बंद झाले. पहारेकरी सोडेनात. तिचं बाळ खाली घरी एकटं होतं. मग ती अंधारात सरळ कडा उतरून बाळाकडे गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी त्या जागी बुरूज बांधून घेतला, असे सांगतात. रायगडावर हिरकणी बुरूज आहे.

बाळ्याला त्यातले किती समजले कोण जाणे. त्याने एक साबणाचे खोके घेतले, तटावर ठेवले आणि खाली घसरवले. "आई आली," म्हणाला. पुन्हा वर ठेवले, पुन्हा खाली. आई येईपर्यंत हेच चालले होते. त्या दिवशी तो रडला नाही. पुढेही कधी कधी रडला, पण पहिल्यासारखा नाही.

आई आली तेव्हा तिच्या केसांत पेंढा अडकला होता. रोज ती आधी हातपाय धुते. त्या दिवशी बाळ्याने तिला पदर धरून ओढतच आणले आणि "आई, दाल, दाल!" म्हणत दरवाजा दाखवला. आई तशीच किल्ल्यापाशी बसली. तिने साबणाच्या खोक्यातली हिरकणी दोन वेळा कड्यावरून उतरवली. मग म्हणाली, "ह्या हिरकणीला जरा च्या द्या आता!" आम्ही सगळे हसलो.

२०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि १ तामिळनाडूत, तो म्हणजे जिंजी. रायगड त्या यादीत आहे. मला एकदा खरा रायगड बघायचा आहे. बाळ्या मोठा झाला की त्यालाही नेणार.

आमचा रायगड अजून ओटीवर आहे. एक बुरूज बाळ्या बसल्यामुळे चेपला होता. नवा पुठ्ठा मिळाला तेव्हा दुसरा बसवला. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल तर असा किल्ला करून बघा. पक्के असेल ते आपण करावे, सुटे असेल ते त्याला द्यावे, म्हणजे भांडण होत नाही. आणि आईबाबांनो, रिकामी खोकी लगेच चुलीत घालू नका. आधी आम्हाला विचारा!