बेरीज करायची राहून गेली

बँकेच्या नोकरीत असताना कर्जाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी मी एक प्रश्न हमखास विचारीत असे : "आणखी कुठे कुठे कर्ज आहे?" विट्याकडचा एक यंत्रमागधारक एकदा माझ्यासमोर बसला होता. त्याच्यावर चार संस्थांची कर्जे होती. प्रत्येक संस्थेने आपापल्या मर्यादेतच रक्कम दिली होती, प्रत्येकीचा कागद नियमात बसत होता. चारांची बेरीज मात्र कोणी केली नव्हती. ती केली तेव्हा त्याचा दरमहाचा हप्ता उत्पन्नाहून अधिक निघाला. मी पाचवे कर्ज नाकारले. पुढे कधीतरी बाजारात भेटून तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी नाही म्हणालात म्हणून वाचलो." निवृत्तीनंतरही ही हकिगत मी चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत असे. गेल्या वर्षापासून सांगत नाही. माझ्याच घरात, माझ्याच हाताने, एका मुक्या जिवाच्या बाबतीत तीच बेरीज करायची राहून गेली.

सोन्या हा आमचा गावठी कुत्रा. नऊ वर्षांपूर्वी पावसाळ्यात सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिजत पडलेले पिल्लू माझ्या पत्नीने पदराखाली झाकून घरात आणले. मला तेव्हा कुत्र्याची विशेष आवड नव्हती. त्याचे खाणे, फिरवणे, लस, सारे तीच पाहत असे. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि घरात आम्ही दोघेच उरलो. मी आणि सोन्या.

तिच्याविषयी एक गोष्ट मनात सलत राहिली आहे. कंबर आणि मांड्या दुखतात, असे ती बरीच वर्षे सांगत असे. "मार्च संपू दे, मग दाखवू," हे माझे ठरलेले उत्तर. बँकेत काम केलेल्यांना ठाऊक आहे की, एक मार्च संपतो तेव्हा दुसरा सुरू झालेला असतो. अखेर ती न्हाणीघरात पडली, मांडीचे हाड मोडले, तेव्हा तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे आणि शरीरात ड जीवनसत्त्व फारच कमी असल्याचे कळले. डॉक्टरांनी आठवड्याला एक, अशा ६०,००० युनिटांच्या पुड्या दिल्या. दोनच पुड्या घेऊन झाल्या आणि हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. उरलेल्या सहा पुड्या तिच्या कपाटाच्या खणात तशाच राहिल्या.

गेल्या वर्षी श्रावणात सोन्या मागचा उजवा पाय किंचित उचलून चालू लागला. मला एकदम तिची आठवण झाली. या वेळी उशीर करायचा नाही, असे मी मनाशी ठरवले. वास्तविक, उशीर न करणे म्हणजे त्याला पशुवैद्यांकडे नेणे. परंतु मी औषधे देण्याची घाई केली.

आधी पार्श्वभूमी सांगायला हवी. आमचे घर शुद्ध शाकाहारी. त्यामुळे कुत्र्याला काहीतरी कमी पडत असेल, ही शंका आमच्यासारख्या अनेक घरांत असते, तशी माझ्याही मनात होती. म्हणून सोन्याला बाजारातले शाकाहारी तयार खाद्य चालू होते. "संपूर्ण व समतोल आहार" असे त्याच्या पिशवीवर छापलेले होते. याचा अर्थ आवश्यक ती जीवनसत्त्वे आणि खनिजे त्यात घातलेली आहेत, असा होतो. मी त्या शब्दांना जाहिरात समजलो. लंगडणे दिसल्यावर दुकानदाराने कॅल्शियमचे सिरप दिले. सकाळी फिरायला येणाऱ्या एका स्नेह्यांनी बहुजीवनसत्त्वांच्या चघळायच्या गोळ्या सुचवल्या. नातवाने मोबाईलवर पाहून केसांच्या तकाकीसाठी सोनेरी तेलाच्या कॅप्सूल मागवल्या. आणि पाचवी भर माझी स्वतःची. खणातल्या पुड्यांची मुदत संपलेली नाही, एवढे मी चष्मा लावून पाहिले आणि दर रविवारी एक पुडी दह्यात कालवून सोन्याला देऊ लागलो. तिचे औषध वाया गेले नाही, याचे मला समाधानही वाटे.

चौथ्या रविवारनंतर तीन दिवसांत सोन्याने खाणे टाकले. पाणी मात्र तो भांडेच्या भांडे पिऊ लागला. नऊ वर्षांत ज्याने कधी घर घाण केले नाही, तो रात्री दिवाणखान्यात लघवी करू लागला आणि माझ्याकडे अपराध्यासारखा पाहू लागला. मग उलट्या सुरू झाल्या. सहाव्या दिवशी त्याला उचलूनच रिक्षात घालावे लागले.

पशुवैद्य तरुण बाई होत्या. रक्ततपासणीत कॅल्शियम १५.६ निघाले, ते साधारण साडेअकराच्या आत असावे लागते. फॉस्फरस वाढलेला, मूत्रपिंडांचे काम मंदावलेले. त्यांनी विचारले, "काका, याला काय काय देता?" मी म्हणालो, "चांगलेच देतो." त्या म्हणाल्या, "घरी जाऊन सगळं घेऊन या. पिशवीसकट."

मी पाचही वस्तू आणून टेबलावर मांडल्या. त्यांनी एकेक लेबल वाचून कागदावर आकडे लिहिले. खाद्यात ड जीवनसत्त्व होते. कॅल्शियमच्या सिरपमध्ये होते, कारण कॅल्शियम शरीरात शोषले जावे म्हणून त्यात ते घालतातच. चघळायच्या गोळीत होते. सोनेरी कॅप्सूलच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेले त्यांनी मला वाचून दाखवले : कॉड माशाच्या यकृताचे तेल. त्यात अ आणि ड ही दोन्ही जीवनसत्त्वे भरपूर असतात. आयुष्यभर बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय ज्याने बिस्किट घेतले नाही, त्याच्या हातून गेला महिनाभर घरात हे चालले होते. मान वर करण्याचे धैर्य मला झाले नाही. आणि शेवटी ती पुडी.

"एकूण किती जातंय, ते कधी मांडलं होतं का?" त्यांनी सहज विचारले. मी उत्तर दिले नाही.

त्यांनी समजावलेला हिशेब मी नंतर घरी स्वतः पुन्हा केला. १४ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ड जीवनसत्त्व लागते साधारण शंभर ते सव्वाशे युनिट. म्हणजे ६०,०००ची एक पुडी हा त्याचा सुमारे दीड वर्षाचा शिधा. चार रविवारांत मी त्याला साडेपाच वर्षांचा शिधा भरवला होता. एका वेळी किलोमागे ४,००० युनिटांच्या आसपास मात्रा गेली की कुत्र्यात विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. सोन्याच्या वजनाला ती सीमा ५६,०००वर येते. त्याच्या पोटात दर आठवड्याला ६०,००० जात होते, वर इतर चार ठिकाणांहून येणारे वेगळेच. साठ किलोच्या माणसाला हीच पुडी किलोमागे हजार युनिट पडते, आणि तीही डॉक्टर रक्त तपासून, मोजक्या आठवड्यांपुरती देतात.

ब आणि क या गटांतली जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. गरजेपेक्षा जास्त झालेली बरीचशी लघवीवाटे निघून जातात. ती चालू खात्यातल्या रकमेसारखी : आली, गेली. अ आणि ड मात्र चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. मोडता न येणाऱ्या मुदत ठेवीसारखे त्यांचे असते. देणे थांबवले तरी आधीचा साठा आठवडेच्या आठवडे रक्तात उतरत राहतो. ड जीवनसत्त्व वाढले की आतड्यांतून आणि हाडांतूनही कॅल्शियम रक्तात येते. ते जास्त झाले की मूत्रपिंडांत, रक्तवाहिन्यांत, हृदयात क्षारांचे थर बसू लागतात. मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती तहान आणि ती घरातली लघवी. बिचारा तहानेने व्याकूळ होता, आणि मी त्याला रागावलो होतो.

सहा दिवस सलाइन लावले. कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडावे म्हणून इंजेक्शने दिली, स्टेरॉइड दिले. दूध, दही, सारी पूरके बंद. त्यानंतर दोन महिने वेळोवेळी रक्त तपासावे लागले. सोन्या वाचला, परंतु त्याची मूत्रपिंडे पूर्ववत झाली नाहीत. आता त्याला वेगळा आहार आहे आणि पाण्याचे भांडे कधी रिकामे राहू द्यायचे नाही. आणि तो पाय? क्ष-किरण तपासणीत वयोमानाचा संधिवात निघाला. हाडांत काहीही कमी नव्हते. "दोन किलो वजन कमी करा, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका," एवढाच त्यावरचा उपाय होता.

घरात कुत्रा पाळणाऱ्या वाचकांसाठी या अनुभवातून जे शिकलो ते येथे नोंदवतो. शाकाहारी घरातल्या कुत्र्याविषयीची आपली काळजी अगदीच निराधार नाही. कुत्र्याला पिष्टमय अन्न चांगले पचते आणि नीट आखलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. मांजराचे तसे नसते. परंतु नुसती दूध-भाकरी किंवा दही-भात हा कुत्र्यासाठी समतोल आहार नाही. आपल्यासारखे उन्हातून पुरेसे ड जीवनसत्त्व त्याच्या त्वचेला तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. तेव्हा घरचे अन्न देणाऱ्यांनी पशुवैद्यांना विचारून योग्य ते पूरक योग्य मात्रेत जरूर द्यावे. संपूर्ण आहार म्हणून विकले जाणारे तयार खाद्य देत असाल, तर त्यावर आणखी भर घालण्याआधी मात्र विचारणे आवश्यक. अशा खाद्यातही चूक होऊ शकते. २०१८च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला काही कोरड्या श्वानखाद्यांत ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर आढळले होते आणि ती बाजारातून परत मागवावी लागली होती.

मोठ्या जातीची पिल्ले आणणाऱ्यांनी कॅल्शियमच्या बाबतीत अधिकच सावध असावे. पिल्लू लवकर दणकट व्हावे म्हणून कॅल्शियम पाजण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर अभ्यास झाला. जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडे आणि कूर्चा बिघडलेल्या आढळल्या. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेपुरते कॅल्शियम घेऊन उरलेले बऱ्याच अंशी सोडून देते. कोवळ्या पिल्लाला तसे नाकारता येत नाही. जेवढे द्यावे तेवढे ते घेत राहते. हाडे मजबूत व्हावीत म्हणून दिलेले द्रव्यच हाडे वाकडी करते.

आणखी दोन गोष्टी. आमच्या सांगली-तासगाव भागात घरोघरी बेदाणे असतात आणि "ताकद येते" म्हणून कौतुकाने कुत्र्यालाही देतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. तसेच माणसांच्या काही साखरविरहित औषधांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो; त्याने कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली येते. आपल्या घरचे औषध त्याच्यासाठी नाही, हा नियम घरातल्या लहानथोरांनी पाळावा.

इतके लिहूनही मूळ प्रश्न उरतोच. मी हे का केले? अज्ञान हे एक कारण आहे, परंतु पुरेसे नाही. तिला वेळेवर दिले नाही, त्याची भरपाई मी सोन्याच्या वाटीत करत होतो. माझ्या मनाला बरे वाटावे म्हणून त्याच्या पोटात औषध जात होते. बाटलीतले झाकणभर सिरप ओतताना काहीतरी केल्याचे समाधान लगेच मिळते. लंगडणाऱ्या कुत्र्याजवळ बसून तो कधी लंगडतो, कोणत्या फरशीवर घसरतो, हे पाहायला वेळ आणि धीर लागतो. ती असती, तर तिने पाहिले असते.

मुलगी बंगळुरूहून रोज रात्री फोन करते. माझ्याआधी सोन्याची चौकशी करते. परवा म्हणाली, "अण्णा, तुम्ही स्वतःला किती दिवस दोष देणार आहात?" मी तिला सांगितले, "दोष देत नाही, नोंद ठेवतो." खरोखरच ठेवतो. पत्नीची एक जुनी वही होती, सोन्याच्या लसींच्या तारखांची. तिच्या अक्षराखाली आता माझे अक्षर सुरू झाले आहे : तारीख, वजन, खाणे, पाणी, चालणे. शेवटचा रकाना पूरक औषधांचा आहे. नवे काही सुरू करायचे झाले, तर पशुवैद्यांना ही वही दाखवून, आधीचे सारे त्यांच्यासमोर मांडून मगच करायचे, असा नियम केला आहे.

तूर्त त्या रकान्यात मी रोज एकच शब्द लिहितो : निरंक.