पाळी जाण्याचे दिवस आणि झाडपाला

घरातील कर्ती बाई पंचेचाळिशी ओलांडते, रात्री घामाने निथळत उठते, दिवसा क्षुल्लक कारणाने चिडते वा रडते. आणि घरची माणसे 'हिचा स्वभावच बदलला' एवढे बोलून मोकळी होतात. पाळी जाण्याच्या या दिवसांविषयी आमच्याकडे उघड बोलण्याची रीत नाही. आपल्या देशात हे वय सरासरी ४६-४७ वर्षांचे, पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा चार-पाच वर्षे अलीकडचे. डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच वाटतो. मग बाई झाडपाल्याकडे वळते.

उज्जैनच्या राम घाटावर आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. शिंदे घराण्याच्या काळापासून त्या नगरीत मराठी कुटुंबे नांदत आहेत. अशाच एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता. घरच्या वहिनी आम्हांस घेऊन क्षिप्रेच्या काठी गेल्या. पायऱ्यांच्या कडेस गोणपाटावर मुळ्या, साली व पुड्या मांडून एक वैदू बसला होता. त्याने शतावरीचे चूर्ण दिले, अशोकाची साल दिली, शिवाय करड्या भस्माची एक बिननावाची पुडी. परतताना वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, पण पंधरवड्यापासून पुन्हा रक्त दिसतंय. साल त्यासाठीच घेतली."

आम्ही जागीच थबकलो. बारा महिने पाळी बंद राहिल्यावर रक्ताचा थेंबही दिसला, तर त्याचे कारण शोधावेच लागते. बहुधा ते साधे असते. क्वचित गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असते, आणि वेळीच ओळखला तर तो बरा होण्यासारखा असतो. सालीचा काढा पीत बसले म्हणजे तेच मोलाचे महिने निघून जातात. दुसऱ्याच दिवशी वहिनींना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले. सोनोग्राफी झाली, आतल्या अस्तराचा तुकडा तपासणीस गेला. निकाल येईपर्यंत त्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. गाठ निघाली, ती साधी होती.

मग झाडपाला सगळाच टाकावा काय? आम्ही तसे म्हणणार नाही. शतावरी दुधातून घेतल्याने बरे वाटते असे पुष्कळ बाया सांगतात, जरी शास्त्रीय पुरावा तोकडा आहे. सोयाबीनने अंगाची लाही काहींना थोडी कमी होते. ज्येष्ठमध मात्र रोज घेऊ नये. त्याने रक्तदाब वाढतो. भस्मांविषयी तर आम्ही फारच सावध आहो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा वा सोमल आढळला होता.

लाही फारच असह्य झाली तर डॉक्टरांकडे संप्रेरकांचे उपचार आहेत. २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीनंतर त्यांची धास्ती बसली. पण साठीच्या आतील, स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्यांचा विकार नसलेल्या बहुतेक स्त्रियांना ते देता येतात, असे तज्ज्ञ आज मानतात. पाळी गेल्यावर हाडे झिजू लागतात, त्यासाठी रोजचे चालणे हवे, आणि चुन्याचे सत्त्व भरपूर असलेली आपली नाचणीची भाकरी. तिला वैदूही नको आणि चिठ्ठीही.